बिनछपराच्या चारचाकीची घरगुती दुरुस्ती

मु. डुलुथ, मिनेसोटा

 

एटीव्ही हे शेतात, चिखलात, वाळूत, जंगलवाटेवर आणि बर्फात चालणारे छोटे वाहन आहे. त्याला चार फुगीर चाके, मोटारसायकलीसारखे हँडल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची लांब सीट आणि बहुधा एकाच सिलिंडरचे इंजिन असते. छप्पर, दारे आणि काचा त्याला नसतात. पाठवलेल्या फोटोत ते भाग कापले गेलेले नाहीत. गोंदियाच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर ‘बाकीची गाडी कुठे आहे?’ असा जो प्रश्न आला, त्याचे उत्तर एवढेच. ‘सूनबाई कुठे बसते?’ या आईच्या प्रश्नाचे उत्तर: बसत नाही. एकट्याने चालवण्यासाठी बनवलेल्या या गाडीवर मागे कोणाला घेऊ नये, अशी सूचनाच तिच्यावर चिकटवलेली असते. वळणावर आणि चढावर चालवणाऱ्याला आपले अंग पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवावे लागते. सीट लांब ठेवलेली असते ती त्यासाठी. गोंदियात लुनावरून नवरा, बायको, दोन मुले आणि तांदळाची चुंगडी एकाच फेरीत बाजारातून घरी येतात. इथे चार चाकांवर एक माणूस मावतो, आणि त्यानेही हेल्मेट घालून बसावे.

गाडीची नोंदणी होते, पण परिवहन खात्यात नव्हे. मिनेसोटात जंगल, तलाव, शिकार आणि मासेमारी पाहणारे जे नैसर्गिक संसाधन खाते आहे, तेच एटीव्हीलाही नंबर देते. त्यामुळे ‘गोंदियाची एमएच ३५ ची पाटी करून पाठवू का?’ ही तिरोड्याच्या मामांची प्रेमळ सूचना कायद्यात बसणारी नाही.

या वाहनाचा जन्म दुकानदारांच्या अडचणीतून झाला. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत, म्हणून होंडाच्या तिथल्या शाखेने थंडीतही विकता येईल असे काहीतरी जपानकडे मागितले. ओसामु ताकेउची या अभियंत्याने तीन फुगीर चाकांची गाडी तयार केली आणि ती १९७० मध्ये बाजारात आली. १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची गाडी आणली. १९८५ मध्ये मिनेसोटाच्याच उत्तर टोकाला रोझो गावात जन्मलेली पोलारिस कंपनी या धंद्यात उतरली. तीनचाकी वळणावर सहज उलटत आणि माणसे दगावत. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकी सरकार व कंपन्या यांच्यात करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. ‘तीन चाकांची स्वस्तात मिळत असेल तर पाहा, एक टायर वाचेल’ असे धाकट्या काकांनी सुचवले होते. स्वस्तात मिळते, आणि ती स्वस्त का असते ते वर आलेच आहे.

इथे ही गाडी लागते ती मुख्यतः बर्फासाठी. पुढे लोखंडी पाते लावले की घरापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ ढकलता येतो, जंगलातून जळाऊ लाकूड ओढून आणता येते. मिनेसोटाच्या मोटारींच्या पाट्यांवर ‘दहा हजार तलाव’ असे छापलेले असते आणि त्या तलावांच्या उथळ पाण्यात रानभात पिकतो. तलाव आणि भात असलेल्या मुलखाला गोंदियाच्या माणसाने परका कसा म्हणावा? फरक एवढाच की नवेगावबांधचा तलाव थंडीत गोठत नाही, आणि इथल्या तलावांवर तेव्हा गाड्या चालतात. लोक बर्फाला भोक पाडून मासे धरायला त्यावरूनच जातात.

पंधरा ते तीस वर्षांपूर्वीची कार्बोरेटरवाली एटीव्ही घरी दुरुस्त करता येते, कारण तिच्यात लपवण्यासारखे काही नसते. इंजिनावर कार्बोरेटर, कार्बोरेटरवर केबल, केबलच्या टोकाला माणसाचा अंगठा. रेस मनगट पिळून नव्हे, तर अंगठ्याने खटका दाबून दिली जाते. संगणक नाही, सेन्सर फारसे नाहीत. ज्याने अर्जुनी मोरगावच्या बांधीत चिखलणी करता करता बंद पडलेला पॉवर टिलर धुऱ्यावर ओढून उघडला आहे, त्याला यातले नवे काहीच नाही. शिवाय दुसरा पर्याय खिशाला झेपत नाही. इथल्या वर्कशॉपमध्ये तासाची मजुरी बहुधा शंभर डॉलरच्या पुढे असते आणि जुन्या गाडीची एकूण किंमत कधी कधी चार-पाचशे डॉलर. म्हणजे मिस्त्रीने सकाळी गाडी उघडली की दुपारच्या चहाला ती त्याचीच होते. बंद गाडी त्याच्यापर्यंत न्यायलाही ट्रेलर लागतो. ‘चौकापर्यंत ढकलत ने’ हा बाबांचा उपाय चौक पंचवीस मैलांवर असल्याने बाद ठरतो.

हत्यारांत आनंदाची बातमी अशी की जपानी एटीव्हीचे नट-बोल्ट मिलिमीटरमध्ये असतात. अमेरिका अजून इंचात मोजत असली तरी गोंदियाहून आलेले ८, १०, १२, १४ आणि १७ चे पाने या गाडीला बिनचूक बसतात. त्यातला १० चा पाना सगळ्यात जास्त लागतो आणि सगळ्यात आधी हरवतो. जपानी गाडीच्या चौफुलीच्या स्क्रूंविषयी मात्र सावध राहावे. ते दिसायला नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे, पण त्यांची खाच जपानी मापाची असते. साधा पेचकस त्यात पुरता उतरत नाही, जोर लावला की उसळून वर येतो आणि स्क्रूचे डोके गोल करून ठेवतो. कार्बोरेटरच्या तळाचे चारही स्क्रू असे गोल झालेली जुनी गाडी दिसली, तर आधीच्या मालकाने ती घरी दुरुस्त केली होती हे निश्चित समजावे. जपानी मापाचा पेचकस स्वस्त असतो. त्याशिवाय मल्टिमीटर, प्लगपाना, फीलर गेज, हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि त्या मॉडेलची वर्कशॉप पुस्तिका एवढे सामान पुरते. यात पुस्तिकेचा नंबर पहिला लागतो.

बंद गाडीबाबत गोंदियाहून येणाऱ्या सल्ल्यांचे तीन वर्ग करता येतात: कार्बोरेटर खोल, प्लग बदल, आणि विकून टाक. तिन्ही कधी ना कधी बरोबर ठरतात, पण क्रम चुकतो. दुरुस्तीत आधी फुकटचे तपासायचे, मग स्वस्ताचे, मग महागाचे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पेट्रोल आणि कॉइल एकाच संध्याकाळी बदलून गाडी सुरू झाली, तर ती कशाने सुरू झाली हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या वेळी तिन्ही पुन्हा विकत आणावे लागतात.

फुकटच्या यादीत सर्वांत वर हँडलवरचा लाल स्विच येतो. गाडी उलटली तर इंजिन लगेच बंद करता यावे म्हणून तो असतो. झाडाच्या फांदीने, मुलांच्या हाताने किंवा धुताना लागलेल्या फडक्याने तो ‘बंद’वर जातो आणि मग सुशिक्षित माणसे निम्मे इंजिन उतरवतात. त्यानंतर पेट्रोलचा कॉक पाहावा: तो चालू, बंद की रिझर्व्हवर आहे. मग टाकी हलवून आत आवाज येतो का ते ऐकावे. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का पाहावे. बऱ्याच गाड्यांत गिअर पडलेला असताना सेल्फ फिरतच नाही, काहींत ब्रेक दाबल्याशिवाय फिरत नाही. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. ती मातीने बुजली की गाडी दहा मिनिटे छान चालते आणि मग तहानेने मरते, कारण टाकीत निर्वात होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर सुस्कारा ऐकू आला आणि गाडी पुन्हा चालू झाली, की रोग तिथेच सापडला.

एवढ्याने भागले नाही तर पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधायचे. जुन्या गाडीत चौकशी करंटपासून सुरू केलेली बरी, कारण तिला वेळ कमी लागतो. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी आतून गेलेली असण्याचा संभव मोठा. इंजिन चालू करून रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसले तर चार्जिंग ठीक. बटण दाबल्यावर नुसताच ‘टक’ असा आवाज आला तर बॅटरी, रिले किंवा सैल तार यांपैकी एक दोषी असते, आणि त्यात सैल तार सर्वाधिक वेळा सापडते. बॅटरीचे टर्मिनल आणि चासीला जोडलेली अर्थची तार सोडवून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळली की निम्मे ‘इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ संपतात. सालेकशाच्या आतेभावाने ‘वायरिंग पूर्ण नवीन टाक’ असे कळवले होते. त्याच्या बुलेटला ते लागले असेल, इथे आधी पॉलिश पेपर वापरावा.

तारांच्या बाबतीत इथे आणखी एक पक्ष विचारात घ्यावा लागतो, तो उंदरांचा. थंडी पडू लागली की उंदीर शेतातून उठून गॅरेजात येतात आणि एटीव्हीच्या सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. बिछान्यासाठी त्यांना फिल्टरचा फोम आवडतो आणि वेळ घालवायला तारांवरचे प्लॅस्टिक. चुरण्यापूर्वी धानाच्या पुंजण्यात होणाऱ्या उंदरांच्या उपद्रवाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. सीट उचलल्यावर आधी वास घ्यावा, मग टॉर्च मारावा.

प्लगची तपासणी सोपी, पण नियमाने करावी. प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि सेल्फ मारावा. ठळक निळी ठिणगी चांगली. पिवळी, अशक्त ठिणगी शंकास्पद. हे करताना प्लगच्या भोकापासून दूर राहावे, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पडत असते. काढलेला प्लग वाचता येतो: ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही, काळी मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल वर चढते आहे, पांढराफटक असेल तर मिश्रणात हवा जास्त. तांबूस-तपकिरी प्लग दिसला तर तो तसाच परत लावावा. ठिणगी अजिबात नसेल तर आधी प्लगची टोपी, मग लाल स्विचच्या तारा, मग इग्निशन कॉइल आणि पल्सर कॉइल हा क्रम. सीडीआय युनिट सर्वांत शेवटी, कारण ते सर्वांत महाग असते आणि दुकानदार घेतलेले परत घेत नाहीत.

ठिणगी असूनही गाडी सुरू होत नसेल तर पेट्रोलकडे वळायचे. जुन्या एटीव्हीच्या दुखण्यांचा मोठा वाटा इथे आहे. पेट्रोल मुरत नाही, ते शिळे होते. काही महिने पडून राहिले की त्यातले लवकर पेटणारे हलके घटक उडून जातात आणि मागे वार्निशसारखा चिकट थर उरतो. मिनेसोटात पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. भारतात २०२३ पासून वीस टक्क्यांचे मिश्रण येऊ लागल्याने घरच्या लुनालाही हा भाग लागू आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, पाण्यामुळे टाकी आतून गंजते आणि जुन्या गाड्यांतले रबर फुगते किंवा तडकते. म्हणून इथल्या कायद्याने एक सवलत ठेवली आहे: एटीव्ही, बर्फावरच्या गाड्या, होड्या, छोटी इंजिने आणि संग्रहातल्या जुन्या मोटारी यांच्यासाठी काही पंपांवर बिनइथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते महाग असते, तरी कार्बोरेटर खोलण्यापेक्षा स्वस्त पडते.

कार्बोरेटर खोलण्याआधी त्याच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करावा आणि खाली काचेची बरणी धरावी. (ही बरणी लोणच्याची नसावी. सूनबाईंचे याबाबतचे मत स्पष्ट आहे आणि ते गोंदियाला फोनवरून आधीच कळले आहे.) पेट्रोल धारेने आले तर टाकी, कॉक आणि नळी मोकळी आहेत. थेंब-थेंब आले तर वरच कुठेतरी अडथळा आहे, बहुधा कॉकच्या जाळीत. बरणीच्या तळाशी पाण्याचा थर किंवा गंजाची लाल पूड दिसली तर नुसता कार्बोरेटर धुऊन उपयोग नाही. टाकी साफ केली नाही तर तोच कचरा पुन्हा खाली येतो.

कोणती वाट बुजली आहे ते गाडी स्वतःच सांगते. चोक ओढला तरच चालते आणि आत ढकलला की मरते, तर स्लो जेट बुजले आहे. स्लोवर छान राहते पण रेस दिली की गुदमरते, तर संशय मेन जेटवर किंवा वरच्या रबरी पडद्यावर. कार्बोरेटरमधून पेट्रोल सतत ठिबकत असेल तर फ्लोटची सुई बसत नाही. स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते, त्यामुळे तिळाच्या सालाएवढा कचराही पुरतो. तिथे लोखंडी तार किंवा सुई खुपसण्याची पद्धत तिरोड्यापासून देवरीपर्यंत सर्वत्र आहे, ती सोडावी. जेट पितळेचे असते, तार कठीण असते, भोक रुंदावते आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवा मारावी. फारच हट्टी असेल तर तांब्याच्या मऊ तारेचा एक पदर वापरावा. क्लीनर रबराला खातो, म्हणून पडदे आणि रिंगा आधी बाजूला काढाव्यात. हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरवणारा छोटा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत आवळायला किती आटे लागतात ते मोजून लिहून ठेवावे; बहुतेक गाड्यांत हा आकडा दीड-दोनच्या आसपास असतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो काढावा. स्प्रिंग उडाली तर ती गॅरेजात शोधण्यात जाणारा वेळ कोणत्याही पुस्तिकेत दिलेला नसतो.

सगळे धुऊन बसवले आणि तरी गाडी वर-खाली रेस घेत राहिली, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारे रबरी तोंड पाहावे. थंडीने आणि वयाने ते तडकते, तिथून बिनहिशेबाची हवा आत शिरते, आणि माणूस बिचारा जेट धूत राहतो. एअर फिल्टर त्याच वेळी उघडावा. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून लावतात. तो कोरडा लावला तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. तो मुळीच न लावता चालवण्याचा एक ‘पिकअप वाढतो’ संप्रदाय आहे. त्याचे अनुयायी वर्षभरात रिंग-पिस्टनच्या दुकानात भेटतात.

तिसरा गैरहजर कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकात गेज लावून, रेस पूर्ण उघडी ठेवून सेल्फ मारला की आकडा मिळतो, पण काही इंजिनांत सुरुवात हलकी व्हावी म्हणून दाब आपोआप सोडणारी कळ असते आणि तिच्यामुळे निरोगी इंजिनही कमी आकडा दाखवते. पुस्तिकेतला आकडा पाहिल्याशिवाय इंजिनाला मृत घोषित करू नये. दाब खरोखर कमी असेल तर चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचा संशय आला तरी लगेच हेड उतरवू नये, आधी टॅपेट सेटिंग पाहावे. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर, फ्लायव्हीलवरची खूण खिडकीत. मग फीलर गेजने फट मोजावी. ती बहुतेक गाड्यांत एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. फट जास्त झाली की टिकटिक ऐकू येते आणि सगळे धावत येतात. फट संपली की आवाज येतच नाही. व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब सुटतो, व्हॉल्व्हची कड जळते, आणि गाडी किती शांत चालते म्हणून मालक तिचे कौतुक करतो. सुरू व्हायला रोज थोडा जास्त वेळ घेणाऱ्या जुन्या एटीव्हीत हे दुखणे नेहमी पाहावे.

धूर निळसर असेल तर ऑइल जळते, काळा असेल तर पेट्रोल जास्त. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा पांढरा, गोडसर वासाचा, न थांबणारा धूर गॅस्केटची बातमी असते. उणे वीस अंशांत सकाळी निघणारी पांढरी वाफ ही नुसती वाफ असते; तिचा व्हिडिओ पाहून बाबांनी काळजी करू नये. ऑइल मात्र दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. गाडी खोल ओढ्यातून नेणाऱ्याला हा प्रसाद मिळतो. ऑइल बदलून, थोडी चालवून, पुन्हा बदलून, दूध निघून जाईपर्यंत हे करत राहावे लागते.

इंजिनाच्या खालचा भाग लवकर उरकता येतो. पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांत पट्टा ओला झाला की इंजिन गर्जते आणि गाडी हलत नाही. पट्ट्याच्या डब्याचा निचरा करून न्यूट्रलमध्ये रेस देत तो वाळवावा. हातगिअरच्या गाड्यांत गिअर अडखळत असेल तर क्लचची जुळणी आधी पाहावी. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर रबरी बूट असतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि माती आत, मग वळताना कटकट. बूट स्वस्त, आतला सांधा महाग. म्हणून दर काही दिवसांनी वाकून बुटांकडे पाहावे. गाडी स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवले आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉडचे टोक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, पाय किंवा पुतण्या घालू नये. पुढच्या ड्रम ब्रेकमध्ये चिखल-पाणी साठणे हा जुन्या एटीव्हीचा जुनाट आजार आहे, आणि त्यावर ड्रम उघडून धुणे व नवे सील बसवणे एवढाच उपचार.

टायरची हवा स्वतंत्र परिच्छेद मागते. मोटारसायकलीत तीस पीएसआयच्या आसपास हवा लागते, या फुगीर टायरांत तीन ते पाच. पंक्चरवाल्याचा नेहमीचा गेज इतका कमी दाब नीट दाखवतच नाही. वेगळा गेज घ्यावा लागतो. ‘टायर बसलेले दिसतात, चांगली हवा भर’ असे फोटो पाहून तिघांनी कळवले. ते तसेच दिसायला हवेत: मऊ टायर चिखलावर आणि बर्फावर पसरतो म्हणूनच गाडी रुतत नाही. डावी-उजवीकडचा दाब वेगळा असला तर गाडी एका बाजूला ओढते, आणि लोक हँडल सरळ करत बसतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी उघड्यावर घ्यावी. गोंदियात मिस्त्रीचे दुकान कडुनिंबाखाली असते, त्यामुळे हा नियम तिथे कोणी शिकवत नाही. इथे थंडीमुळे गॅरेजचे दार लावून इंजिन चालवण्याचा मोह होतो, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंग, वास काहीही न दाखवता जीव घेतो. दार अर्धे उघडे ठेवूनही भागत नाही. गाडी बाहेर काढूनच किल्ली फिरवावी. कानटोपी घालावी.

सर्वांत शेवटी, गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर. बर्फ ढकलणारी एटीव्ही उन्हाळ्यात पडून राहते आणि नुसती फिरायची एटीव्ही हिवाळ्यात. नियम दोघींना सारखेच. टाकीत ताजे पेट्रोल आणि स्टॅबिलायझर घालून ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ गाडी चालवावी, मग कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाचे पेट्रोल काढून टाकावे. ऑइल बदलावे. बॅटरी काढून घरात आणावी आणि अधूनमधून चार्ज करावी: पूर्ण भरलेली बॅटरी उणे चाळीसलाही गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटू शकते. ती देवघराजवळ ठेवू नये असे आईने कळवले आहे, तसे केले जाईल. उंदीर येऊ नयेत म्हणून सायलेन्सरच्या आणि हवेच्या तोंडात भांडी घासायच्या तारेचे बोळे खुपसून ठेवावेत, आणि ‘बोळे काढा’ अशी चिठ्ठी किल्लीला बांधावी, म्हणजे चार महिन्यांनी गाडी का सुरू होत नाही यावर व्हॉट्सॲप गटाची बैठक बसवावी लागणार नाही.



डुलुथची मंडळी

ता. क. कोणी इकडे येणार असेल तर त्यांच्याबरोबर १० चे दोन पाने पाठवावेत. तांदूळ पाठवू नये, इथे मिळतो.